पाण्याचा दिवस आणि मंत्रचळाचे चढउतार

आलेला प्रश्न असा आहे: "वय ३१. जुळे सोलापुरात सासू-सासरे, नवरा आणि चार वर्षांच्या मुलीसोबत राहते. नऊ वर्षांपासून ओसीडी आहे, स्वच्छतेचा. दोन वर्षांपूर्वी गोळ्या आणि थेरपी दोन्ही सुरू केलं, खूप फरक पडला. सात महिने तर जवळजवळ काहीच नव्हतं. फेब्रुवारीत गोळी माझी मीच कमी करत बंद केली. एप्रिलपासून सगळं परत सुरू झालंय. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. मागच्या आठवड्यात मी एकटीने एका दिवसात दोन पिंपं संपवली, घरात फार भांडण झालं. रोज रात्री मी वहीत दिवसाला दहापैकी मार्क देते. मार्चपर्यंत आठ-नऊ असायचे, आता दोन-तीन. नवरा म्हणतो, बरी झाली होतीस ना, मग परत कशी? सगळं वाया गेलं का? हे असंच वरखाली होत राहणार असेल तर जगायचं कसं?"

ताई, वाया काहीही गेलेलं नाही. हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. का म्हणते ते पुढे सांगतेच. पण त्याआधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. "जगायचं कसं" हे वैतागून लिहिलं असेल तर पुढचं सगळं वाचा. पण जीव नकोसा झालाय, संपवावंसं वाटतं असं खरोखर मनात येत असेल, तर वाचणं इथेच थांबवा. आजच नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मंत्रचळाने, म्हणजे तुमच्या या ओसीडीने, दमलेल्या माणसाच्या मनात असे विचार येतात. ते सांगण्यात काही कमीपणा नाही.

मी सोलापुरात एकोणीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. दोन पिंपांची ओळ वाचली आणि मला तुमच्या घरातलं ते भांडण डोळ्यांसमोर दिसलं. ज्या गावात चोवीस तास नळाला पाणी असतं तिथे दीड तास आंघोळ करणाऱ्या माणसाचं दुखणं बाथरूमच्या दारामागे झाकलेलं राहतं. आपल्याकडे तसं होत नाही. कुठलं पिंप किती भरलंय हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे तुमचा त्रास सगळ्या घराला पाण्यात मोजता येतो, आणि मोजला की बोलला जातो. आजाराचा त्रास वेगळा आणि हा अपराधीपणा वेगळा. दोन्ही तुम्ही एकटीने वाहताय.

आता वरखाली का होतं ते. तुमच्या थेरपीत हे झालं असेल, तरी परत सांगते, कारण मधल्या काळात लोक हेच विसरतात. नको तो विचार मनात येणं हा आजार नाही. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन मानसशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या, कुठलाही आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांना घाणेरडे, भीतीदायक, विचित्र विचार येत असल्याचं दिसलं. रेल्वेच्या पुलावरून खाली उडी मारली तर, हातातली सुरी कुणाला लागली तर, या पाण्यात काही पडलं असलं तर. ज्याला मंत्रचळ नाही तो म्हणतो, "काहीतरीच!" आणि भाजी चिरायला लागतो. ज्याला आहे तो त्या विचाराला उत्तर द्यायला बसतो. हात धुणं, परत बघणं, नवऱ्याला विचारणं, मनात जप करणं, ही सगळी त्या विचाराला दिलेली उत्तरं. उत्तर दिलं की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि तेवढ्याच बरं वाटण्यापायी चळ वाढतो.

म्हणजे विचारांची ये-जा चालू राहणारच. ती कधी वाढते? झोप मोडली की वाढते. ताप येऊन गेला की वाढते. पुष्कळ बायकांची पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढते, बाळंतपणानंतर तर फारच. घरात पाहुणे, मुलांच्या परीक्षा, पैशाची ओढाताण, हे सगळं आलंच. माझ्याकडे वर्षातून दोनदा गर्दी होते. एकदा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आगेमागे. घरी पाहुण्यांचा राबता, नंदीध्वजाची मिरवणूक, सोवळं-ओवळं, आणि ज्यांना देवाबद्दल नको ते विचार येतात त्यांचे तर हालच. दुसऱ्यांदा मे महिन्यात. पारा ४३-४४ वर, रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही, अंगाला सतत घाम, आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी. स्वच्छतेचा चळ असलेल्या माणसासाठी याहून अवघड हवामान शोधून सापडायचं नाही. तुमचं एप्रिलमध्ये वाढलं, यात मला नवल वाटलं नाही.

आणि अर्थात गोळी. याबद्दल मी रागावणार नाही. चांगलं वाटायला लागलं की गोळी बंद करणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. पण जे खरं आहे ते माहीत असू द्या. मंत्रचळावर सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन, फ्लुवोक्सामिन अशा ज्या गोळ्या देतात त्यांचा डोस बरेचदा उदासीनतेच्या आजारापेक्षा जास्त लागतो, आणि गुण आला की नाही हे कळायला आठ ते बारा आठवडे जातात. बरं वाटल्यानंतरही निदान एक-दोन वर्षं त्या चालू ठेवायच्या असतात. मग डॉक्टर काही महिने घेऊन टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि त्या काळात थेरपीचा सराव मुद्दाम वाढवतात. हे सगळं सोडून आपणच बंद केली तर पहिले काही आठवडे बरेचदा चळ वाढलेला जाणवत नाही, म्हणून माणसाला वाटतं, बघा, मला गरजच नव्हती. त्रास नंतर डोकं वर काढतो. फेब्रुवारी आणि एप्रिल यांच्यातलं अंतर तेवढंच आहे. आता कपाटातली उरलेली पट्टी काढून जुना डोस परत सुरू करू नका. तुमच्या सायकिअॅट्रिस्टना फोन करा, "मी फेब्रुवारीत बंद केली" असं सरळ सांगा. ते ओरडतील या भीतीने दोन महिने पुढे ढकलणारे मी पाहिले आहेत, आणि ते दोन महिने फुकट त्रासात जातात.

थेरपीचं म्हणाल तर तिथे एक मोठा गैरसमज असतो. लोकांना वाटतं थेरपीने भीती पुसली जाते. तशी ती पुसली जात नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये लंडनला पहिल्यांदा ही रीत दोन रुग्णांवर वापरली: ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नंतरचा धुण्या-पुसण्याचा विधी करू द्यायचा नाही. आज आपण तिला ईआरपी म्हणतो. त्यानंतरच्या इतक्या वर्षांच्या कामातून एवढं कळलंय की जुनी भीती डोक्यात तशीच राहते, तिच्या शेजारी एक नवा अनुभव तयार होतो: पिंपाच्या झाकणाला हात लावला, धुतला नाही, आणि काहीही झालं नाही. पुढे प्रसंग आला की जुनं आणि नवं या दोघांत जे जास्त वापरात असेल ते पुढे येतं. जागा बदलली, मूड बदलला, बरेच दिवस सराव झाला नाही, की जुनं पुढे येतं. पण नवं कुठे गेलेलं नसतं. दुसऱ्यांदा सराव सुरू करणारी बहुतेक माणसं पहिल्या वेळेपेक्षा लवकर जागेवर येतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. वाया गेलं नाही असं म्हणाले ते यावरून.

एकांचं सांगते, तपशील बदलून. शहराच्या पूर्व भागात त्यांचा टॉवेलचा कारखाना होता, छोटाच, आठ माग. त्यांचा चळ होता मेन स्विचचा. रात्री कारखाना बंद केला की घरी जाऊन परत यायचे, परत बघायचे. नंतर मोबाइलवर स्विचचा फोटो काढायला लागले, आणि मग रात्रभर तो फोटो मोठा करकरून बघत बसायचे. थेरपीने ते सगळं थांबलं. वर्षभराने दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद राहिला आणि नवव्या दिवशी हे माझ्यासमोर, रडवेले होऊन: "मॅडम, शून्यावर आलो." मी विचारलं, "मागावर तार तुटली की काय करता?" म्हणाले, "माग थांबवायचा, गाठ मारायची, चालू करायचा." "कापड उसवता?" ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उसवायला वेळ कुठाय, ऑर्डर असते." त्या दिवशी आम्ही भीतीची सगळी यादी पहिल्यापासून काढली नाही. फक्त फोटो बंद केला. तीन आठवड्यांत ते पूर्वीच्या जागी आले.

आता मला तुमच्या पत्रातलं जे सगळ्यात जास्त खटकलं त्याकडे येते: ती वही.

तुम्ही रोज रात्री दिवसाला मार्क देता. सुरुवातीला कुणीतरी नोंद ठेवायला सांगितली असेल, आणि ते बरोबरच होतं. पण आता काय होतंय बघा. दिवसभर तुम्ही मनात तपासत असणार, आज कसं चाललंय, सकाळी सात होते, दुपारी चारवर आले का. रात्री सहा द्यायचे की पाच यावर विचार करत असणार. एखाद्या रात्री मार्क ठरतच नसतील आणि आधीची पानं उलटून बघत असणार. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल तर हा नवा चळ आहे, ताई. आधी हात स्वच्छ आहेत ना याची खात्री लागायची, आता मी बरी आहे ना याची लागते. खात्री मागणारा तोच आहे, त्याने फक्त विषय बदललाय. गेल्या काही वर्षांत मला हा प्रकार फार दिसतो, विशेषतः शिकलेल्या, मनापासून प्रयत्न करणाऱ्या रुग्णांमध्ये. आजार सुधारतो आणि सुधारणेचाच चळ लागतो.

त्यातून दुसरी गोष्ट होते. वाईट दिवस आला की तो नुसता वाईट दिवस राहत नाही, तो पुरावा होतो. दोन मार्क म्हणजे मी परत आजारी, म्हणजे सगळं गेलं, म्हणजे आता काय उपयोग. आणि एकदा "काय उपयोग" आलं की माणूस म्हणतो, मग धुऊनच घेते एकदाचं. दोन पिंपं बहुधा अशीच संपली असतील.

म्हणून वही बंद करा. आजार किती आहे हे मोजायची गरज असतेच, पण ते काम डॉक्टरांवर सोपवा. येल-ब्राउन नावाची शून्य ते चाळीस गुणांची प्रश्नावली आहे, १९८९ पासून जगभर वापरतात, ती महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तपासणीच्या वेळी भरली की पुरे. मधल्या दिवसांना मार्क नकोत. वही ठेवायचीच असेल तर त्यात कसं वाटलं ते लिहू नका, काय केलं ते एका ओळीत लिहा: "बाहेरून आल्यावर हात एकदा धुतले." "मुलीचा डबा परत धुतला नाही." त्या वेळी छातीत धडधडत होतं की नव्हतं, याला काही किंमत नाही. धडधडत असताना डबा न धुणं हेच तर काम आहे. तुमच्या मार्कांच्या पद्धतीत त्या दिवसाला तीन मिळाले असते, आणि माझ्या लेखी तो महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस आहे.

आता त्या सात चांगल्या महिन्यांबद्दल. चढउतार म्हटलं की सगळे उताराबद्दल विचारतात, चढाबद्दल कुणी विचारत नाही. मी विचारते. त्या सात महिन्यांत पाण्याच्या दिवशी पिंपं कोण भरत होतं? तुम्ही, की हळूहळू सासूबाईंकडे गेलं होतं ते काम? मुलगी पार्कातून आली की तिला कोण घ्यायचं? चपलेच्या कपाटाकडे किती वेळा गेलात? बऱ्याचदा असं असतं की चळ जातो पण टाळणं राहतं. टाळल्यामुळे त्रास होत नाही आणि त्रास नाही म्हणून आपण बरे झालो असं वाटतं. मग एक दिवस टाळता येत नाही, पाहुणे येतात, पाणी उशिरा येतं, सासूबाई गावाला जातात, आणि सगळं एकदम अंगावर येतं. चांगल्या दिवसांत अंगात बळ असतं, डोकं शांत असतं, तेव्हाच अवघड गोष्टींचा सराव सोपा जातो. दिवस चांगला गेला म्हणून सुट्टी घ्यायची नाही, त्याच दिवशी एक जास्तीची गोष्ट करायची. परत बरं वाटायला लागेल तेव्हा हे आठवा. वाटेलच ते.

वाईट दिवसांत मात्र मोठं काही करायला जाऊ नका. पहिल्या वेळी थेरपीत जिथे पोचला होतात तिथेच उद्या उडी मारायची, असा हट्ट धरला तर मोडून पडाल. वाईट दिवशी फक्त चळाला थोडा खोडा घालायचा. धुवावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनीही वाटलं आणि धुतलेत, तरी ती दहा मिनिटं तुमची. धुतलंच, तर लगेच त्याच गोष्टीला परत हात लावा, म्हणजे धुण्याचा विधी मोडतो. आणि धुतल्यावर स्वतःला शिव्या देत बसू नका. शिव्या देण्यातही तास जातो आणि दुसरं पिंप तिथेच उघडतं.

आंघोळीचं सांगते, कारण आपल्याकडे बादली आहे हे फार उपयोगाचं आहे. शॉवर किंवा नळाखाली आंघोळ असेल तर कुठे थांबायचं हे चळ ठरवतो. बादलीला तळ असतो. एक बादली, आधी भरून घेतलेली, ती बाथरूममध्ये न्यायची आणि नळ बंद. पाणी संपलं की आंघोळ संपली, साबण राहिल्यासारखा वाटला तरी. तांबे मोजू नका. मोजायला लागलात की आकड्याचा चळ सुरू होईल, "अठरावा नीट पडला नाही, परत." नुसती बादली संपवायची. पहिले चार-पाच दिवस बाहेर आल्यावर अंग किटकिटल्यासारखं होईल, जीव खालीवर होईल. तसंच केस विंचरायचे, तसंच चहा टाकायचा. त्या किटकिटीवर कुठलंही उत्तर न देता दिवस पुढे न्यायचा.

"पण नेमकं किती धुणं बरोबर?" हा प्रश्न तुम्हाला येणार, सगळ्यांनाच येतो. याचं उत्तर स्वतःला विचारू नका, तुमचं मापच सध्या बिघडलंय. घरातलंच एक माप उसनं घ्या. सासूबाई सोवळं पाळत असतील, त्या बाहेरून आल्यावर जेवढे हात धुतात तेवढेच तुम्ही धुवा, एक ओंजळही जास्त नाही. माझ्या अनुभवात धार्मिक घरांमध्ये हे चांगलं लागू पडतं, कारण "मग देवाला चालेल का" या शंकेलाही तिथेच उत्तर मिळून जातं. सासूबाईंना जेवढं चालतं तेवढं देवाला चालतं, असं धरून चालायचं आणि परत विचारायचं नाही.

नवऱ्याशी काय बोलायचं? "बरी झाली होतीस ना" हे ते चिडून म्हणत असतील, पण त्यांनाही धक्का बसलाय. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. दमा असलेल्या माणसाला पावसाळ्यात परत धाप लागली तर आधीचं औषध खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, "स्वच्छ आहे ना? नक्की ना?" याला उत्तर देणं बंद करणं. पण अचानक, भांडणात नाही. आधी दोघांनी शांतपणे बसून ठरवायचं, आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं: "हा चळाचा प्रश्न आहे, याला उत्तर देणार नाही. पण मी इथे बसतो तुझ्याजवळ." दुसऱ्या अर्ध्या वाक्याशिवाय पहिलं म्हणायचं नाही. पहिलंच एकटं म्हटलं तर ते टोमण्यासारखं लागतं. दुसरी गोष्ट, तुमच्यासाठी तुमच्या वाटची धुणी-पुसणी ते गुपचूप करत असतील तर तीही हळूहळू थांबवायची. घरातले लोक प्रेमापोटी चळाचं अर्धं काम करतात, आणि मग चळाला त्या घरात राहणं सोपं जातं.

मुलीबद्दल एकच. तिला हात धुवायला शिकवण्याचं काम काही महिने तिच्या बाबांकडे द्या.

उपचारासाठी आता कुठे जायचं हा प्रश्न असेल तर: तुमचे आधीचे डॉक्टर असतील तर तेच बरे, त्यांना तुमचा इतिहास माहीत आहे. पैशाची अडचण असेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, गोळ्याही तिथे मिळतात. थेरपी घेताना आधीच विचारा, "तुम्ही ईआरपी करता का?" नुसतं बोलून मन मोकळं करणं चांगलं असतं, पण मंत्रचळावर ते पुरत नाही. उलट दर आठवड्याला कुणीतरी "काही होणार नाही हो" म्हणत धीर देत राहिलं तर तीही खात्रीच झाली. आणि कुणी करणी-बाहेरचं म्हणून नेत असेल तर त्यात वेळ आणि पैसा घालवू नका. देवदर्शनाला जाणार असाल तर जरूर जा, फक्त "आजार जावा" म्हणून फेऱ्यांची संख्या ठरवून नको.

हे आयुष्यभर राहणार का, असंही तुमच्या प्रश्नाच्या पोटात आहे. काहींचं पूर्ण जातं. पुष्कळांचं एवढं कमी होतं की संसार, नोकरी, सणवार सगळं होतं आणि मधूनच एखादा मे महिना जड जातो. तुमचं कुठल्या बाजूला झुकेल ते आज ठरवता येणार नाही. पण दोन वर्षांत तुम्ही सात महिने मोकळं राहून दाखवलंय, तेव्हा ज्या औषधाने आणि ज्या सरावाने ते झालं ते दोन्ही अजून हाताशी आहेत.

पुढचा पाण्याचा दिवस कधी आहे? त्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंशी बोला. भांडणाबद्दल नको, कामाबद्दल. सांगा की पहिलं पिंप तुम्ही भराल आणि झाकण त्या लावतील. त्यांनी झाकण कुठे ठेवलं होतं, त्याला आधी कुणाचा हात लागला होता, हे बघायचं नाही आणि विचारायचंही नाही. झाकण लागलं की त्याच पिंपातून एक तांब्या काढून पोळ्यांची कणीक भिजवायला घ्या.